पंचवीस किलोचं आकाश

तर झालं असं, की १३ ऑक्टोबर २०२४ ला, म्हणजे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, मी भोरच्या पुढे एका माळावर गुडघे टेकून माउंटचे स्क्रू पिळत होतो, आणि त्याच वेळी माझे ८१ वर्षांचे वडील मिरजेत गच्चीवर खुर्ची टाकून धूमकेतू बघत होते. घरच्यांना ही गोष्ट पाठ आहे. (ताई, हसू नकोस.) बाकीच्यांसाठी सांगतो.

त्सुचिन्शान-अ‍ॅटलास नावाचा हा धूमकेतू आदल्याच दिवशी पृथ्वीच्या सर्वांत जवळून गेला होता. आता संध्याकाळी पश्चिमेला, सूर्य मावळल्यावर जेमतेम सव्वा तास दिसणार होता. मी दुपारीच गाडी भरली. माझ्या जुन्या माउंटचं डोकं १० किलो, तिपाई साडेपाच किलो आणि पाच-पाच किलोची दोन वजनं. बेरीज तुम्हीच करा. दुर्बीण, कॅमेरा आणि बॅटरी वेगळीच. गाडीपासून माळापर्यंत तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला कमरेतून कळ आली, ती पुढे सहा आठवडे राहिली.

माउंट म्हणजे दुर्बीण ज्यावर बसते तो आधार. पृथ्वी फिरते, त्यामुळे आकाश दर सेकंदाला १५ विकला सरकतं. दोन मिनिटांत चंद्राच्या रुंदीएवढं! नुसत्या डोळ्यांना ते जाणवत नाही, पण २५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या लहान दुर्बिणीतून फोटो काढला तर दोन सेकंदांतच तारे ओढले जातात. म्हणून माउंटचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवायचा आणि पृथ्वी जेवढी फिरते तेवढंच त्याला उलट फिरवायचं. अक्ष ध्रुवाकडे रोखायला ध्रुवतारा दिसायला हवा. आपल्याकडे तो क्षितिजापासून जेमतेम १८ अंशांवर असतो, आणि त्या माळावर उत्तरेला नेमकी डोंगराची सोंड होती.

मी होकायंत्र काढलं, मोबाईलवर अंश मोजले, परत मोजले. पाव अंशाचाही फरक राहू द्यायचा नाही असा हट्ट. तेवढ्यात अण्णांचा फोन.

"दिसला का रे? इकडे झकास दिसतोय. शेपूट चांगलं लांब आहे."

"दहा मिनिटं अण्णा, माउंट लावतोय."

"तो थांबणार आहे का तुझ्यासाठी?"

नाही थांबला. माझं काम आटोपलं तेव्हा पश्चिमेला नुसता तांबूस पट्टा उरला होता. पुढचे दोन दिवस ढग, तिसऱ्या दिवशी कोजागिरी. चंद्रप्रकाशात धूमकेतू फिका पडत गेला, आणि मी घरी कमरेला शेक देत पडलो होतो. अण्णांनी तो बघितला होता आमच्या जुन्या ७×५० द्विनेत्रीतून. १९८६ साली हॅलेच्या धूमकेतूसाठी त्यांनी ती घेतली होती आणि मला सायकलच्या दांड्यावर बसवून पहाटे गावाबाहेर नेलं होतं. फोटो वगैरे काहीच नाही. पण मला अजून आठवतंय.

कमर बरी झाल्यावर हलका माउंट शोधायला लागलो. निमित्त काढलं हानलेच्या सहलीचं. लडाखमधल्या हानलेला ४५०० मीटरवर वेधशाळा आहे आणि २०२२ पासून तो भाग डार्क स्काय रिझर्व्ह आहे. लेहपर्यंत विमान, आणि विमानात बहुधा १५ किलो सामान. त्यातच थंडीचे कपडे. बायकोने सामान तोलायचा काटा आणून दिला आणि म्हणाली, "आधी स्वेटर तोल, मग उरलं त्यात काय ते घे." इतका उपयोगी सल्ला मला कुठल्याच तज्ज्ञाने दिला नव्हता.

शेवटी तीन प्रकार उरले. पहिला, साधा ट्रॅकर. वजन किलोभर, एकच अक्ष फिरतो. कॅमेरा आणि लेन्स असेल तर सुरेख. पण दुर्बीण लावली की हवी ती वस्तू अंधारात हाताने शोधत बसायचं. माझा चष्मा आणि माझी कमर बघता ते नको वाटलं.

दुसरा, हार्मोनिक ड्राइव्हचा. आत एक पातळ, लवचिक दातेरी वाटी असते, ती किंचित दबत दबत फिरते. जोर इतका मिळतो की वजनं टांगावीच लागत नाहीत. झेडडब्ल्यूओचा एएम३ जेमतेम चार किलोचा आणि आठ किलो उचलतो. मोह झालाच! पण या गिअरची चाल मुळात थोडी डुलकी असते. ती सावरायला लांब फोटोंसाठी दुसरा छोटा कॅमेरा लावून ताऱ्यावर सतत नजर ठेवावी लागते. म्हणजे आणखी वायरी, आणखी बॅटरी. शिवाय किंमत माझ्या बजेटच्या दुपटीपुढे.

तिसरा, स्कायवॉचरचा स्टार अ‍ॅडव्हेंचरर जीटीआय. डोकं २.६ किलो, उचलतो पाच किलो, दोन्ही अक्ष मोटरवर, मोबाईलवरून सांगितलं की वस्तूकडे वळतो. वेळ पडली तर आठ पेन्सिल सेलवरही चालतो. वजन टांगावं लागतं, पण तेही सव्वादोन किलोचंच. माझी ५१ मिलिमीटरची दुर्बीण कॅमेऱ्यासकट तीन किलोच्या आत, म्हणजे जागा शिल्लक. तो घेतला.

घेण्याआधी आणखी एक गोष्ट बघितली. कुणी घेणार असाल तर तुम्हीही बघा. आपल्या अक्षांशावर माउंटचा अक्ष जवळजवळ आडवा असतो, त्यामुळे वजनाची दांडी सरळ खाली येते आणि तिपाईच्या पायावर आपटते. या माउंटबरोबर मधे बसवायला छोटा खांब मिळतो, त्याने ते टळतं. हलका माउंट वाऱ्यात थरथरतो, त्यावर उपाय म्हणजे तिपाई बुटकी ठेवायची आणि मधे दगडांची पिशवी टांगायची. दगड विमानातून न्यावे लागत नाहीत.

आणि एक हिशोब मी त्या माळावर करायला हवा होता, तो नंतर कागदावर केला. अक्ष तब्बल एक अंश चुकला तरी २० सेकंदांच्या फोटोत तारा फार तर पाच विकला सरकतो. माझ्या कॅमेऱ्यावर दोन पिक्सेलही नाहीत. बस, एवढंच! मोठे फोटो काढायचे तर काटेकोरपणा हवाच, पण धूमकेतूसाठी होकायंत्र आणि अंदाज पुरला असता. मी २५ किलो लोखंड तर नेलंच होतं, वर हट्टही नेला होता.

२०२५ च्या दिवाळीत मिरजेला गेलो तेव्हा माउंट पाठीवरच्या सॅकमध्ये होता, कपड्यांबरोबर. त्या दिवसांत लेमन नावाचा धूमकेतू संध्याकाळी वायव्येकडे दिसत होता, आधीच्यापेक्षा बराच मंद. भाऊबीजेला ओवाळणी झाल्यावर गच्चीवर गेलो. खोक्यातून काढण्यापासून पहिल्या फोटोपर्यंत बारा मिनिटं. लेकीने घड्याळ लावलं होतं.

फोटो काही खास नाही आले. फटाक्यांचा धूर होता, आणि गच्चीवर कुणी चाललं की तारे हलायचे. तरी हिरवट डोकं आणि शेपटाची पुसट रेघ आली. अण्णांना स्क्रीन दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बघितलं, "छान" म्हणाले आणि परत द्विनेत्री डोळ्यांना लावली. या वेळी मीही शेजारी खुर्ची टाकली. माउंट आपला मुकाट्याने फिरत होता. अर्धा तास आम्ही आळीपाळीने तीच द्विनेत्री वापरली.

सप्टेंबरात हानलेला जायचं म्हणतोय. अण्णांना त्या उंचीवर नेता येणार नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. परवा फोनवर म्हणाले, "फोटो आण तिथले." मग जरा थांबून, "पण आधी डोळ्यांनी बघ."

असो. द्विनेत्री किलोभराची आहे. ती नेणार. एक स्वेटर कमी करतो.