गोकाकचा धबधबा घरच्या घमेल्यात

आषाढ-श्रावणात सह्याद्रीवर पाऊस जमला की घटप्रभेचं पाणी तांबूस होतं आणि बेळगावकरांना गोकाकची आठवण येते. शहरापासून साठेक किलोमीटरवर ही नदी सुमारे 52 मीटर खाली झेप घेते. घोड्याच्या नालासारख्या कड्यावरून कोसळणारं पाणी आपण पाहतो, फोटो काढतो, करदंट आणि लाकडी खेळणी घेऊन परततो. मुलांचा प्रश्न मात्र तसाच राहतो: कड्याच्या पायथ्याची ती जुनी इमारत कसली?

ते वीजघर. 1880 च्या दशकात धबधब्याच्या माथ्यावर सूतगिरणी उभी राहिली, ती या पाण्याच्या भरवशावर. कोसळणारं पाणी नुसतं सुंदर दिसतं. चक्रावर घेतलं तर ते काम करतं. ‘नीरु’ म्हणा की पाणी, नियम एकच. तो समजावून सांगण्यापेक्षा येत्या रविवारी घरीच करून पाहा.

साहित्य घरातलंच. दोऱ्याचं रिकामं रीळ, विणकामाची सुई, प्लॅस्टिकच्या तीन बाटल्या, स्ट्रॉ, दोरा, खोडरबर आणि घमेलं. एका बाटलीच्या प्लॅस्टिकची सारख्या मापाची आठ पाती कापून रिळाभोवती पक्की चिकटवा. रिळातून सुई घाला. कागदाची गुंडाळी ठासली की दोन्ही एकत्र फिरतील. पाणी भरलेल्या दोन बाटल्या घमेल्यात उभ्या करून त्यांच्या डोक्यावर स्ट्रॉचे तुकडे चिकटपट्टीने बसवा आणि सुईची टोकं त्यांत सैल ठेवा. सुईच्या एका टोकाला दोरा बांधून त्यावर खोडरबर लटकवा.

आता धरण. एक लिटरच्या बाटलीला बुडाशी बारीक भोक पाडा. हे काम मोठ्यांनी करावं. बाटली भरून टोपण घट्ट लावलं की धार थांबते, सैल केलं की सुरू होते. मुलांना हे दार उघडण्या-मिटण्यातच जास्त गंमत वाटेल!

धार पात्यांच्या कडेवर पडू द्या. मधोमध पडली तर चाक अडेल. आधी बाटली एक वीत उंच धरा, मग दोन वीत. दोन्ही वेळा ती काठोकाठ भरलेली हवी. खोडरबर वर यायला किती सेकंद लागले ते मुलांना वहीत लिहू द्या. पाणी तेवढंच, पण उंची वाढली की जोर वाढतो, हे त्यांना स्वतःच्या आकड्यांतून कळेल. उरलेलं पाणी तुळशीला.

मोठ्या मुलांसाठी थोडा हिशोब. एक लिटर पाणी एक मीटर खाली आलं की जवळपास 10 जूल ऊर्जा मिळते. गोकाकच्या 52 मीटरला सुमारे 510. सगळी वापरता आली तर 5 वॅटचा दिवा दीड मिनिटाहून थोडा जास्त जळेल. प्रत्यक्षात काही ऊर्जा घर्षणात जातेच.

गोकाकला जाल तेव्हा ती वही बरोबर ठेवा. कड्याचे खडक पावसात फार निसरडे असतात, म्हणून मुलांचा हात सोडू नका आणि काठापासून लांबच उभे राहा. तिथूनही वीजघर दिसतं. ते कशासाठी, हे या वेळी मुलंच तुम्हाला सांगतील, मराठीत किंवा कानडीत!