लेकीचं डोकं आणि कंडिशनरची बाटली

न्यू जर्सी

प्रिय बये,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज मेथी निवडता निवडता ऐकला. लेकीने शॅम्पू सोडला, नुसत्या कंडिशनरने डोकं धुते, बाटली बघता बघता रिकामी होते, सासूबाई म्हणतात पोरीच्या डोक्याला वास मारणार, आणि तुझं मधल्यामध्ये सँडविच. शेवटी ‘मावशीचं ऐकते ती, तूच सांग’ म्हणून मोकळी झालीस. सांगते, पण निकाल पूर्ण तुझ्या बाजूने लागणार नाही. पोरगी निम्मी बरोबर आहे.

एक तर हे खूळ रील बनवणाऱ्या मुलींनी काढलेलं नाही. इथल्या काळ्या बायका हे कितीतरी आधीपासून करत आल्यात. को-वॉश म्हणतात त्याला. माझ्या ऑफिसात नेवार्कची एक बाई आहे, तिच्याकडून मी हे शिकले. तिच्या आईच्या पिढीत केस सरळ करण्यासाठी कॉस्टिक सोडा असलेली क्रीमं डोक्याला लावायचे. जरा जास्त वेळ राहिलं की टाळू भाजायची. ते सगळं सोडून जसे उगवतात तसे केस वाढवायचे ठरवल्यावर पहिला प्रश्न आला तो धुण्याचा. शॅम्पूने त्या केसांचा पार काथ्या व्हायचा. मग कंडिशनरनेच धुवायला लागल्या. पुढे या शतकाच्या सुरुवातीला लॉरेन मॅसी नावाच्या, मूळच्या इंग्लंडच्या पण न्यूयॉर्कात सलून चालवणाऱ्या बाईने ‘कर्ली गर्ल’ नावाचं पुस्तक लिहिलं आणि गोऱ्या कुरळ्या बायकांतही ते पसरलं. तुझ्या लेकीपर्यंत आलंय ते तिथून.

आणि केस हा इथे नुसता नटण्यामुरडण्याचा मामला नाही बरं का. तू कोल्हापूरची, तुला हे सांगायलाच हवं. डिसेंबर २०१८ मध्ये आमच्या याच राज्यात एका शाळकरी पैलवानाला रेफरीने ऐन कुस्तीच्या वेळी सांगितलं, या जटा काप, नाहीतर कुस्ती हरलास असं धरू. पोरगा काळा. सगळ्यांसमोर मॅटच्या कडेला उभं करून त्याचे केस कापले. त्यानंतर तो खेळला आणि जिंकलासुद्धा! त्याचा व्हिडिओ देशभर फिरला, लोक खवळले. बरोबर एका वर्षाने न्यू जर्सीत कायदा झाला, की केसांच्या ठेवणीवरून शाळेत किंवा नोकरीत कुणाशी भेदभाव करायचा नाही. कॅलिफोर्नियाने तो त्याच वर्षी आधी केला होता. आपल्या वर्गातले ‘झिपरे, तेल लावून ये’ हे टोमणे मला त्या दिवसांत फार आठवले.

असो. मुद्द्यावर येते. टाळूतून जे नैसर्गिक तेल सुटतं, ते तुझ्यासारख्या सरळ केसांवरून सुरळीत खाली उतरतं. म्हणून तुझं डोकं दोन दिवसांत तेलकट दिसतं. कुरळ्या केसात तेच तेल करूळ घाटातल्या एसटीसारखं वळणावळणावर रखडतं आणि टोकापर्यंत पोचतच नाही. मुळाशी ओशट, टोकाला कोरडं. अशा केसावर नेहमीचा फेसाळ शॅम्पू लावला, की टोकाला जे काही थोडं तेल पोचलेलं असतं तेही जातं.

आता कंडिशनरने मळ निघतो कसा, हा तुझ्या सासूबाईंचा प्रश्न. रास्त आहे. शॅम्पूतल्या मळ काढणाऱ्या कणांचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला. त्या पाण्याकडच्या टोकावर ऋण विद्युतभार असतो. ओल्या केसावरही बहुधा ऋणच. दोघं एकमेकांना दूर ढकलतात, त्यामुळे तेल उचलून शॅम्पू पाण्याबरोबर निघून जातो. कंडिशनरमध्येही तशाच जातीचे कण असतात, पण त्यांच्यावर धन भार. ते केसाला चिकटतात, आणि केस जिथे जास्त खराब झालेला तिथे जास्त चिकटतात. म्हणून मऊपणा. पण तेलाला धरायचा गुण त्यांच्यातही आहे, थोडा मवाळ इतकंच. तेव्हा धूळ, घाम, रोजचं तेल निघतं. फक्त मेहनत बोटांनी करावी लागते. फेस नाही म्हणून मळ निघाला नाही, असं समजायचं कारण नाही. शिकेकाईला तरी कुठे साबणासारखा फेस येतो? सासूबाईंना हे जरूर सांग, त्यांना पटेल.

पोरगी चुकते ती इथे: मला पाठवलेल्या व्हिडिओत ती कंडिशनर केसांच्या लांबीला चोपडते आणि लगेच पाणी ओतते. हे धुणं नव्हे. आधी डोकं चांगलं निथळेस्तोवर ओलं करायचं. मग ओंजळभर कंडिशनर थेट टाळूला, भांग पाडून पाडून. नखं नाही, बोटांची टोकं. कानामागे, मानेवर, कपाळाच्या कडेला चोळायचं, आणि हात दुखेपर्यंत चोळायचं. गुंता त्याच निसरड्या अवस्थेत मोठ्या दातांच्या फणीने सोडवायचा, टोकाकडून वर. मग भरपूर पाणी. घाई केली तर कंडिशनर टाळूवरच राहतो आणि दोन दिवसांनी खाज सुटते. पुसायला तो जाडजूड टर्किश टॉवेल नको, केस पिंजारतात. घरात मामंजींचा जुना पंचा असेलच, तो घे. इथल्या बायका त्यासाठी जुना टी-शर्ट वापरतात, पण पंचा केव्हाही सरस.

बाटली कुठली, हेही बघ. मागच्या यादीत ‘डायमेथिकॉन’ किंवा असंच ‘कॉन’ने संपणारं काही असेल तर ते सिलिकोन. त्याने केस चमकतात, पण पाण्याने ते सहसा जात नाही. नुसता कंडिशनर वापरत राहिलं तर थरावर थर चढतात आणि केस चपटे, निर्जीव दिसायला लागतात. ‘सिटिल अल्कोहोल’ वाचून मात्र घाबरू नकोस, ते मऊ करणारं असतं, दारूच्या जातीचं नाही.

आता तुझी बाजू. रविवारी आजी खोबरेल तेल थापते आणि सोमवारी पोरगी त्यावर कंडिशनर, हे जमायचं नाही. एवढं तेल काढायची त्या मवाळ कणांची ताकद नाही. पण आजीचं तेल बंद करायचं असंही मी म्हणणार नाही, कारण खोबरेलाची बाजू भक्कम आहे. मुंबईत मॅरिकोच्या प्रयोगशाळेतल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये एक संशोधन छापलं होतं. खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल अशा तिन्हींची तुलना होती. केसातलं प्रथिन धुपून जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं, कारण ते केसाच्या आत शिरतं. (पॅराशूटवाल्यांचीच प्रयोगशाळा, हे लक्षात ठेवून वाचायचं, पण हे संशोधन पुढे पुष्कळांनी आधाराला घेतलंय.) तेव्हा तेल लावायचं ते न्हाण्याआधी, आणि त्या दिवशी सौम्य शॅम्पू किंवा शिकेकाई. मधल्या वारी कंडिशनर. आजी खूश, नात खूश.

तुमच्या सोसायटीला बोअरचं पाणी आहे ना? मग अधूनमधून शॅम्पू लागेलच. त्या पाण्यातले क्षार केसांवर बसून ते राठ होतात, आणि कंडिशनर त्यांना हलवत नाही.

एक गोष्ट मात्र तिला दरडावून सांग. कोंडा असेल तर हा प्रकार ताबडतोब बंद. कोंड्याला कारण असणारी बुरशी टाळूच्या तेलावरच जगते. तिथे औषधी शॅम्पूच हवा. आणि केस गळायला लागले, टाळू लाल झाली, तर इन्स्टाग्रामवर उत्तर शोधत बसू नये, त्वचेच्या डॉक्टरकडे जावं. इथे ‘वेन’ नावाचं शॅम्पूऐवजी वापरायचं महागडं कंडिशनर होतं. टीव्हीवर नट्या जाहिरात करायच्या. केस गळतात, टाळूला पुरळ येतं, अशा २१ हजारांवर तक्रारी ते बनवणाऱ्या-विकणाऱ्यांकडे गेल्याचं निघालं आणि जुलै २०१६ मध्ये एफडीएने, म्हणजे इथल्या अन्न-औषध खात्याने, लोकांना सावध केलं. कारण काय, ते त्यांनाही तेव्हा ठरवता आलं नव्हतं. तेव्हा मऊ लागतंय म्हणजे निर्धोकच, असं काही नाही.

खर्चाचं म्हणशील तर तुझी तक्रार शंभर टक्के मान्य. ओंजळ ओंजळ लागतं ते. पण साध्यातला साधा, बिनसिलिकोनचा मोठा डबा आण. जास्त पैसे मोजून फार काही जास्त मिळत नाही. आणि पोरीच्या खाऊच्या पैशातून निम्मे काप, म्हणजे हात आपोआप आखडेल.

तिला म्हणावं, केसांचा फोटो मला पाठव, पण फिल्टर न लावता. आणि ताईंचा मुलगा पुढच्या महिन्यात इकडे येतोय म्हणालीस, त्याच्याबरोबर कांदा-लसूण चटणी दे. गेल्या वेळची बरणी पिशवीत फुटून त्याच्या शर्टाला अजून वास येतो म्हणे, तेव्हा या वेळी स्टीलच्या डब्यात दे आणि झाकणाला वरून दोरी बांध.

तुझी,
झिपरी