कलर आणि सिक्वेन्स

कोकणातल्या आमच्या घरी गौरी-गणपतीच्या जागरणाला तीन पत्ती रंगायची, चिंचोके लावून. एकाच रंगाच्या पानांच्या कलरपेक्षा ओळीने येणाऱ्या पानांचा सिक्वेन्स मोठा, हे तिथेच अंगात मुरलं. म्हणूनच चाळिशीत पोकर शिकायला बसलो तेव्हा पहिल्याच संध्याकाळी अडखळलो. माझा सिक्वेन्स, समोरच्याकडे बदामाची पाच पानं, आणि चिंचोके त्याने ओढले!

‘नियमच आहे’ एवढ्यावर माझं समाधान होईना. रात्री वही घेऊन मोजत बसलो. तीन पानांचे एकूण हात २२,१००. एकाच रंगाचा प्युअर सिक्वेन्स बाजूला ठेवला तर सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६. पाच पानांचे हात २५,९८,९६०; तिथे सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८. तीन पानांत पहिल्या पानाशी दोघांचाच रंग जुळावा लागतो, पाचांत चौघांचा. जे दुर्मिळ ते मोठं. त्या रात्री मला पोकर आवडू लागला.

पुढचा धडा पॅक करण्याचा, म्हणजे डाव सोडण्याचा. जागरणात पानं न बघता ब्लाइंड खेळत राहणाऱ्याचं कौतुक व्हायचं, पॅक करणारा भित्रा. पोकरच्या होल्डेम प्रकारात हातात दोनच पानं येतात आणि त्यांची जोडी सतरा वेळांतून एकदा. बहुतेक डाव सोडायचेच असतात. हे मला फार जड गेलं.

मग चालीचा हिशेब. समजा, हातात दोन इस्पिक, मधल्या, सगळ्यांच्या सामाईक तीन उघड्या पानांतही दोन. कलरला एक कमी. न दिसलेली पानं ४७, त्यांत इस्पिक ९. पुढचं पान इस्पिक निघण्याची शक्यता पाचात एकाला थोडी कमी. मधे ८० चिंचोके असताना समोरच्याने २० टाकले, तर २० देऊन १०० मिळणार, चाल द्यावी. त्याने ८० टाकले, तर ८० देऊन १६०च मिळणार. एवढ्या महागात ते पान घेऊ नये, मग ते येवो न येवो. यातलं ‘येवो न येवो’ पचायला मला दोन वर्षं लागली.

गेल्या गणपतीत भाच्याने नेमके ८० टाकले. मी पॅक केलं. पुढचं पान उलटलं, इस्पिक सत्ती! “मामा, काय होतं तुझ्याकडे?” त्याने विचारलं. मी पालथी पानं तशीच कॅटमध्ये सरकवली आणि पिसायला घेतली.