ओरडणारा पेशंट बरा

जरीपटका, नागपूर

प्रिय मनू,

महाड तालुक्यातल्या आरोग्य केंद्राची ऑर्डर आल्यापासून तुझ्या आईला घोर लागलाय. पाऊस, दरडी, एकटी पोर. मला मात्र विंचू आठवला.

तू सहा वर्षांची होतीस. घरामागं कुंपणासाठी विटा रचलेल्या होत्या. भातुकलीची चूल मांडायला तू एक वीट ओढलीस आणि खाली काळाकुट्ट, बोटाएवढा जाड विंचू. किंकाळीनं गल्ली गोळा झाली. शेजारच्या सिंधी काकू बर्फ घेऊन धावल्या, कुणी कांदा चोळा म्हणालं, कुणी विंचू उतरवणाऱ्याला आणायला निघालं. पहाटे तीनपर्यंत तू बोट धरून रडत होतीस. मी तुझे तळहात चाचपत निवांत बसले होते. गरम होते, कोरडे होते. दगडाच्या काळजाची, म्हणाली तुझी आई मला.

मी वॉर्डात सिस्टर होते, म्हणून मला माहीत होतं. विंचवात ओरडणारा पेशंट बरा. काळा मोठा विंचू कळा देतो, पण सहसा जीव घेत नाही. जीव घेतो तो लहानसा तांबडा. त्याचं विष अंगभर भिनतं तेव्हा डंखाची जागा फारशी दुखतही नाही. पोर गप्प पडतं, उलट्या करतं, घामानं निथळतं, हातपाय बर्फासारखे गार. घरच्यांना वाटतं, उतरलं. तेव्हाच आत शरीर स्वतःच्याच रसायनांचा पूर सोडत असतं. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. एकनाथांच्या भारुडातही विंचू चढल्यावर घाम येतोच, आपण ते हसत ऐकतो एवढंच.

हे ज्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून टिपलं, ते डॉ. हिंमतराव बावस्कर तुझ्याच मेडिकल कॉलेजचे. १९७६ साली ते महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात गेले. तेव्हा अशा गंभीर रुग्णांपैकी शंभरातले तीस-चाळीस दगावत. त्यांची निरीक्षणं 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. पुढं रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी, प्राझोसिन, त्यांनी वापरली आणि मृत्यू शंभरात एकावर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोळीच्या जोडीला विंचवाची प्रतिविष लस दिली तर रुग्ण लवकर सावरतो, हेही त्यांनी २०११ साली दाखवलं.

गोळी दिल्यावर पोराला आईच्या कडेवर देऊ नकोस. आडवंच ठेव. उभं केलं की रक्तदाब एकदम कोसळतो. उलट्या-घामानं गेलेलं पाणी भरून काढायला विसरू नकोस.

क्वचित दिसणारंही ध्यानात असू दे. फुप्फुसांतल्या पाण्यातून वाचलेल्या माणसाचं तोंड वाकडं होऊ शकतं, एक हात लुळा पडू शकतो. मेंदूत रक्ताची गाठ अडकते किंवा रक्तस्राव होतो. पुस्तकात वाचशील, त्रिनिदादच्या विंचवानं स्वादुपिंड सुजतं, इराणच्या एका जातीनं रक्तपेशी फुटून मूत्रपिंडं बंद पडतात. तिथलं तिथं, पण पोटदुखीला आणि लघवीच्या रंगाला कधी हलकं समजू नकोस. असा पेशंट हातात ठेवायचा नाही, मोठ्या दवाखान्यात पोचवायचा.

आणि एक खूण. गार पडलेले हातपाय ऊबदार होतात, घाम थांबतो, आणि इतका वेळ मुकाट पडलेलं पोर एकाएकी भोकाड पसरतं, बोट दुखतंय म्हणून. आई घाबरेल. तू तिला सांग, जहर उतरतंय. परतलेली कळ ही सुटकेची कळ.

पहिल्याच दिवशी औषधांचं कपाट उघड. प्राझोसिनची पाकिटं आहेत का बघ, मुदत वाच. मावशीनं काय लिहिलं असं आईनं विचारलं, तर सांग, तब्येतीला जप म्हणाली. आणि सकाळी चप्पल झटकून घाल.

तुझी,
मावशी