पाटीलकीचे आडनाव

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत सकाळची पाळी सुटण्याच्या सुमारास एखाद्या कारखान्याच्या फाटकाशी उभे राहून कोणी नुसती ‘पाटील’ अशी हाक मारली, तर एकाच वेळी कितीतरी माना वळतील. आणि त्या माना एका कुळाच्या, एका जातीच्या, इतकेच नव्हे तर एका मुलुखाच्याही असणार नाहीत. कोणी चोपड्याचा, कोणी अमळनेरचा, एखादा सांगलीकडचा, तर एखादा उरण-पनवेलच्या आगरी वस्तीतला. हजेरीपटावर म्हणून आद्याक्षरांची जोड द्यावी लागते, आणि तीही अपुरी पडली की ‘पाचोऱ्याचे पाटील’, ‘पारोळ्याचे पाटील’ असा गावाचा आधार घ्यावा लागतो. ज्या नावाने एके काळी गावातले एकच घर ओळखले जाई, त्या नावाचा एवढा विस्तार कसा झाला, हे पाहू लागलो म्हणजे महाराष्ट्राच्या ग्रामव्यवस्थेचा सारा पटच डोळ्यांपुढे उलगडत जातो.

माळव्याच्या परमार राजांच्या ताम्रपटांत, भूमिदानाची वार्ता ज्यांना उद्देशून कळविली जाई त्यांत ‘पट्टकिल’ येतो. तोच आपल्या पाटलाचा पूर्वज. पुढे राज्ये बदलली, दप्तराची भाषा फारसी झाली, पाटलाला कागदोपत्री ‘मोकदम’ म्हणू लागले. परंतु सारा वसूल करावा, पडीक रानावर कुळे आणून वसवावीत, तंटा उद्भवल्यास गोतसभा बसवावी, हे त्याचे काम मात्र तेच राहिले. मोबदल्यात इनाम जमीन, हक्क-लवाजमा आणि मानपान. पोळ्याला वेशीतून पहिली जोडी पाटलाची निघे. जुन्या महजरांच्या तळाशी पाहावे, तर अक्षरशत्रू पाटलाने सहीऐवजी आपली निशाणी म्हणून नांगर काढलेला असतो: दोन-चार ओबडधोबड रेघांचा, पण गावाची सारी जमीन ज्याच्या बोलण्यावर पेरली जाई त्या माणसाच्या हातचा.

या सत्तेची दुसरी बाजूही विसरता कामा नये. पुणे प्रांतातील रांझे गावच्या पाटलाने बदअंमल केला, तेव्हा १६४६ साली शिवाजीमहाराजांनी त्याचे हातपाय तोडविले आणि पाटीलकी त्याच्या हातून काढून त्याच्याच गोतातील सोनजी गुजराकडे दिली. मला या प्रकरणात न्यायाच्या कठोरतेइतकेच हेही महत्त्वाचे वाटते, की दोघांचेही आडनाव गुजर होते. पाटील हे तोवर कुळाचे नाव नव्हते, हुद्दा होता. कण्हेरखेडची पाटीलकी ज्यांच्या घराण्यात होती ते महादजी शिंदे दिल्लीच्या बादशहाकडून वकील-इ-मुतलक ही पदवी १७८४ मध्ये पेशव्यांच्या नावे मिळविण्याइतके थोर झाले, तरी ‘पाटीलबावा’ म्हणवून घेण्यातच त्यांना भूषण वाटे. पण आडनाव शिंदेच राहिले.

हुद्द्याचे आडनाव झाले ते वतनाच्या विभागणीमुळे. वतन वंशपरंपरेचे, म्हणून भाऊबंदांत त्याच्या तक्षिमा पडत. निम्मी पाटीलकी विकलीही जाई. इंग्रजी अमलात १८७४ च्या वतन कायद्याने चाकरी करणारा प्रतिनिधी निराळा आणि वतनदार कुटुंब निराळे अशी नोंद होऊ लागली, तरी चाकरी एकाने करावी आणि नाव साऱ्या भाऊबंदांनी लावावे हा प्रघात पडलेलाच होता. शाळेच्या दाखल्यात, सात-बाराच्या उताऱ्यात, पलटणीच्या यादीत एकदा ‘पाटील’ लिहिले गेले, की मूळचे कुळीचे आडनाव मागे पडे आणि दोन पिढ्यांत घरच्यांनाही आठवेनासे होई. सरकारने १ जानेवारी १९६३ पासून मुलकी पाटलाचे पद रद्द केले. गावोगावचे मुलकी काम तलाठ्याकडे गेले, आणि ज्या पदावर आता कोणीच नव्हते त्याचे नाव लक्षावधींच्या मुखी राहिले.

शिवाय पाटीलकी एका जातीची मिरास नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटील जैन, क्रांतिसिंह नाना पाटील मराठा, उरणच्या भूमिपुत्रांसाठी झुंजलेले दि. बा. पाटील आगरी, कर्नाटकचे माजी मुख्यमंत्री वीरेंद्र पाटील लिंगायत. खानदेशात तर लेवा, गुजर, मराठा, कोळी अशा अनेक समाजांनी हे नाव धारण केले. युक्रेनमध्ये लोहाराच्या मुलाचा कोवालेंको आणि चर्मकाराच्या मुलाचा शेव्चेंको झाला, आणि १८९१ नंतर ती नावे कॅनडाच्या गव्हाळ मैदानांपर्यंत गेली. तिथे धंदा आडनावात उरला, इथे वतन उरले. एक आडनाव म्हणजे एक रक्त, हा समज दोन्हीकडे सारखाच फसवा ठरतो.

खानदेशातून सिडकोच्या आणि अंबडच्या वसाहतीत आलेल्या कुटुंबांना हे पक्के ठाऊक आहे, आणि त्याची प्रचीती श्रावणात येते. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई देवी बसते. घरातल्या पुरुषमाणसांच्या संख्येप्रमाणे मुठी मोजून गहू घेतात, त्याचे रोट होतात, आणि ते रोट भाऊबंदांनीच खायचे असतात. मग पुणे-मुंबईला गेलेला पुतण्या रजा काढून येतो, चुलत्यांची मुले एका पंगतीला बसतात, कोण कोणाच्या पणजोबाचा हे म्हाताऱ्या जिजी बोटांवर मोजून सांगतात. शेजारच्या घरातले पाटील दर्शनाला येतात, कानबाईला नारळ ठेवतात, गाण्यांना रात्री जागतात. रोट मात्र त्यांच्या कुळाचे त्यांच्या घरी शिजत असतात, आणि दुसऱ्या दिवशी विसर्जनाच्या मिरवणुकीत दोन्ही घरच्या बाया डोक्यावर कानबाई घेऊन एकाच रस्त्याने निघतात.