मामेबहीण, मास्टर्स आणि माझं एक्सेल शीट

तर झालं असं, की गेल्या शनिवारी सकाळी सकाळी डोंबिवलीहून मामाचा फोन. "अरे, धनूला हॉटेल मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स करायचंय, स्वित्झर्लंडला. फ्लॅट तारण ठेवला तर बँक कर्ज द्यायला तयार आहे. तू जरा बघ ना." आमच्या खानदानात मी एकटाच कॉम्प्युटरवाला. त्यामुळे प्रिंटरपासून स्थळांपर्यंत सगळं मीच 'जरा बघतो'.

मी लगेच एक्सेल उघडलं. लोझान, 1893, जगातलं पहिलं हॉटेल स्कूल. अमेरिकेतलं कॉर्नेल, 1922. फी, रँकिंग, हवामान... प्रत्येकाला मार्क आणि शेवटी बेरीज. लोझान पहिलं! मी खूश.

रविवारी धनू नाइट शिफ्ट संपवून थेट पुण्याला आली. ती दादर कॅटरिंग कॉलेजची (1954 सालचं, जुनं आणि नावाजलेलं) आणि गेली तीन वर्षं फ्रंट ऑफिसमध्ये. शीट बघून म्हणाली, "दादा, यातल्या काही कोर्सेसमध्ये सुरुवातीला किचन आणि सर्व्हिसच शिकवतात. ते तर मी दादरला केलंय."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. या मास्टर्सचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक, दुसऱ्या क्षेत्रातून येणाऱ्यांसाठी, पार श्रीगणेशापासून. दुसरा, धंद्यातल्याच लोकांसाठी: फायनान्स, रेट ठरवणं, हॉटेलची मालमत्ता सांभाळणं. माझ्या शीटमध्ये हा कॉलमच नव्हता!

धनूला जायचंय रेव्हेन्यू मॅनेजमेंटमध्ये. म्हणजे काय, तर शंभर खोल्यांपैकी 70 खोल्या 5000 रुपयांनी गेल्या, तर उपलब्ध खोलीमागे उत्पन्न 3500. रेट 4500 केला आणि 85 गेल्या, तर 3825. आज रिकामी राहिलेली खोली उद्या दोनदा विकता येत नाही, म्हणून रोज हे गणित. आपल्यासारख्यांना आवडेल असंच काम आहे की!

मग दुसरं गणित मांडलं. 40 लाख कर्ज, 11 टक्के, दहा वर्षं: हप्ता सुमारे 55 हजार. तिचा आजचा पगार 28 हजार. तिकडे नोकरी लागली तर ठीक, पण स्विस विद्यापीठातून पदवी घेतलेल्या आपल्यासारख्यांना नोकरी शोधायला सहाच महिने मिळतात. ती परत आली तर हप्ता कोण भरणार?

धनू बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला आधी आमच्याच हॉटेलात रेव्हेन्यूला बदली मागायचीय. वर्षभर करून बघते. जमलं तर अनुभवावर स्कॉलरशिपसाठी अर्ज करीन. पण बाबा इतके खूश आहेत ना, त्यांना कसं सांगू? म्हणून तर तुझ्याकडे आले."

म्हणजे कॉलेज निवडायला ती आलीच नव्हती! आणि मी आपला हवामानाला मार्क देत बसलो होतो. असो.

तुमच्या घरात कोणी अशा कोर्सला निघालं असेल, तर रँकिंगच्या आधी विचारा: नंतर नेमकं कुठलं काम करायचंय? त्यातलं आधीच काय येतं? आणि परत यावं लागलं तर हप्ता झेपेल का?

संध्याकाळी मामाला मीच फोन केला. सगळं ऐकून मामा थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "बरं. मग फ्लॅटचे कागद कपाटात परत ठेवतो. आणि तिला जेवून पाठव रे, रात्रभर जागी आहे ती."