दगडाचं पाणी

नदीतून घरी आणलेला दगड तासाभरात उतरतो. बालाघाटला वैनगंगेच्या पात्रात, वाळू संपून गोट्यांचा पट्टा सुरू होतो तिथे, पाण्याच्या काठाशी लाल, गर्द पिवळे, हिरवट झाकेचे जॅस्पर असे उठून दिसतात की हात आपसूक खाली जातो. ओच्यात भरून आणावेत, ताटात मांडावेत, चहा होईपर्यंत थांबावं. तेवढ्यात ताटात विटांचे तुकडे ठेवल्यासारखं दिसायला लागतं. यंदा हिवाळ्यात आणलेल्या गोट्यांतला एक काळजाच्या रंगाचा होता. त्याच्या अंगातून पिवळी शीर गेलेली आणि शिरेच्या कडेला काळ्या नेच्यांची बारीक नक्षी. वाळल्यावर शीर जेमतेम दिसेना आणि नेचे तर पार नाहीसे झाले. पाण्याचं बोट लावलं, की जिथे बोट लागलं तेवढ्याच गोल जागेत नेचे परत यायचे. ते मला सोडवेना.

कारण साधं आहे. कोरड्या दगडाच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारे खाचखळगे असतात. उजेड त्यांवर पडून दाही दिशांना विखुरतो आणि त्या पांढुरक्या विखुरलेल्या उजेडाच्या पडद्याआड दगडाचा स्वतःचा रंग झाकून जातो. पाणी खळगे भरतं, वरचं अंग सपाट होतं, पडदा सरतो. ओलेपणी दिसतो तो रंग दगडाचाच. मग पाणी नसतानाही तो तसाच दिसावा यासाठी जे काही करायचं, त्याचं नाव पॉलिश.

जॅस्पर म्हणजे अतिसूक्ष्म कणांची गारगोटीच, पण अपारदर्शक. तिच्यात लोहाची ऑक्साइडं मिसळली की लाल आणि पिवळा रंग येतो. ते काळे नेचे बहुधा मँगनीजचे. म्हणजे भरवेलीची खाण ज्या धातूवर उभी आहे तोच धातू इथे नखाएवढ्या जागेत रान काढून बसलेला. वैनगंगा उगम पावते शिवनी जिल्ह्यातल्या मुंडाऱ्याला, तिथला मुलूख काळ्या बेसाल्टचा. त्या बेसाल्टच्या पोकळ्यांतून आणि भेगांतून अकीक, जॅस्पर असले दगड सुटतात आणि नदीबरोबर निघतात. बालाघाटला पोचेपर्यंत त्यांचे कोपरे गेलेले असतात, अंग गोल झालेलं असतं. नदीनं इतकं सगळं करायचं आणि शेवटची चकाकी तेवढी द्यायची नाही, याचं मला लहानपणापासून नवल वाटत आलंय.

नदीला ती देता येत नाही, कारण तिच्याकडे वाळू निवडलेली नसते. मऊ गाळ, रवाळ रेती, मुठीएवढे धोंडे, सगळं एकाच पुरात वाहत येतं. बारीक रेती दगडाचं अंग जरा मऊ करत आणते तोच एखादा टणक खडा येऊन आपटतो आणि ओरखडा काढून पुढे जातो. शेकडो वर्षं असंच चाललं तरी दगड गुळगुळीत होईल, चकाकणार नाही. गुळगुळीतपणा आणि चकाकी या फार वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली तळहाताला कळते, दुसरी फक्त उजेडाला.

माणूस करतो ते एवढंच, की वाळू निवडतो. आधी जाड कण, मग त्याहून बारीक, मग आणखी बारीक. आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये दगड, हात, नखं, भांडं, फडकं, सगळं धुऊन काढायचं. मी जो कागद वापरते तो हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा काळा वॉटर पेपर, गाड्यांच्या रंगाचं काम करणारे वापरतात तोच. त्याच्यावरचे दाणे कार्बोरंडमचे, म्हणजे अमेरिकेत ॲचिसननं १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला विजेच्या भट्टीत तयार केलेल्या पदार्थाचे. जॅस्परचा कठीणपणा मोहस् मापावर साडेसहा-सात, कार्बोरंडमचा नवाच्या वर. म्हणून तो जॅस्परला धरतो. आपल्याकडे त्याआधी पिढ्यान् पिढ्या हे काम कुरुंदानं केलं. २२०, ४००, ६००, १०००, २००० अशा नंबरांनी चढत जायचं. प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा आडवी फिरवायची. आधीच्या कागदाचे ओरखडे उभे असले तर आताचे आडवे पडतात, आणि उभी एकही रेघ उरली नाही की समजायचं, पुढच्या कागदाला हरकत नाही. हे पाहायला भिंग लागतं, खिडकीचा तिरपा उजेड लागतो आणि मुख्य म्हणजे दगड कोरडा लागतो.

हे कोरडं पाहण्याचं शास्त्र मी दगडावर शिकले नाही. बालाघाटला माझ्या आजोळच्या घरात मोझॅकची फरशी होती. मावशीचं लग्न ठरलं तेव्हा आजोबांनी ती पॉलिश करायला काढली. गोंदियाकडून एक मिस्त्री आला, त्याची बायको आली, आणि ढकलायच्या दांड्याचं एक अवजड मशीन आलं. मशीनच्या पोटाखाली कार्बोरंडमचे जाड ठोकळे बसवलेले होते. घरातलं सगळं सामान अंगणात आणि ओसरीवर. उंबऱ्यांना ओल्या तरटांचे बांध घातले. मशीन सुरू झालं की शेजारच्या घराची कपाटंही थरथरायची, आणि फरशीवरून करड्या रंगाची राड वाहायला लागायची, घट्ट ताकासारखी. सुपल्यांनी ती भरून मिस्त्री परसात नेऊन टाकायचा. आजीनं कढीलिंबाच्या बुंध्यापाशी टाकू दिली नाही.

पहिले ठोकळे साठ नंबरचे. ते फिरल्यावर फरशी आधीपेक्षा वाईट दिसायला लागली, पांढरी, खरवडल्यासारखी. आजोबा अस्वस्थ झाले. मिस्त्री मात्र शांत. त्यानं सिमेंटमध्ये फरशीचा रंग कालवला आणि हातानं सगळ्या खोलीभर चोपडून टाकला, कारण घासल्यावर मोझॅकमधली सुईच्या टोकाएवढी छिद्रं उघडी पडतात आणि ती भरल्याशिवाय पुढे जाऊन उपयोग नसतो. मग खोलीला कुलूप. ओलं पोतं अंथरून ती तशीच मुरू द्यायची. आम्ही मुलं खिडकीच्या गजांतून आत बघायचो. मग एकशेवीस नंबर, पुन्हा चोपडणं, पुन्हा मुरवणं, मग तीनशेवीस.

मशीन भिंतीला भिडत नाही. कोपरे, कपाटाखालची पट्टी, उंबऱ्याच्या कडा मिस्त्रीची बायको हातानं करायची. पोत्याची घडी करून त्यावर उकिडवी बसायची, साबणाच्या वडीएवढा ठोकळा दोन्ही हातांच्या बोटांत धरायची आणि तांब्यातलं पाणी थेंबथेंब सोडत घासत राहायची. तिची बोटं पाण्यानं पांढरी पडून सुरकुतलेली असायची. आजी तिला दुपारी चहा द्यायची तेव्हा ती कप तळव्यांमध्ये धरायची, बोटांनी नाही. मी तिच्याजवळ बसून असायची. एकदा तिनं घासलेल्या कोपऱ्यावर पाणी सांडलं आणि त्यातले लाल, काळे, हिरवे खडे असे लखलखले की मी ओरडलेच, झालं, झालं, चमकलं! ती हसली. म्हणाली, “वल्लं असलं का सारंच चमकते, पोरी. सुकू दे, मंग सांगजो.” मग तिनं पदराच्या टोकानं तो कोपरा पुसला, फुंकर घातली, आणि आम्ही दोघी डोकं जमिनीला टेकवून खिडकीच्या दिशेनं पाहत बसलो. कोरड्या फरशीवर बारीक रेघांचं जाळं होतं. तिनं पुन्हा ठोकळा उचलला.

शेवटी ऑक्झॅलिकची पांढरी पूड आली, तरटानं ती घोटली गेली आणि मधल्या खोलीच्या फरशीत खिडकीचे गज उभे दिसायला लागले. लग्नात पाहुण्यांनी फरशीचं कौतुक केलं. पण माझं ठाम मत तेव्हाही होतं आणि आजही आहे, की मधल्या भागापेक्षा कोपऱ्यांची चकाकी खोल होती. मशीनच्या भागात प्रतिबिंब दिसायचं; तिच्या कोपऱ्यांत खडे दिसायचे, आतपर्यंत. पुढे ते घर विकलं गेलं. आता तिथे व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत, कारखान्यातूनच चकचकीत होऊन आलेल्या. असू देत. पायाला त्या कुठल्याही घरात सारख्याच लागतात.

जॅस्परला चकचकीत करायचे आडरस्ते पुष्कळ आहेत. कुणी पारदर्शक नेलपॉलिश लावतं, कुणी तेल चोळतं, मेण चढवतं. बाजारात राशीप्रमाणे विकायला ठेवलेल्या गोट्यांतही लेप दिलेला माल असतो. नखानं कडेला खरवडलं तर कळतं. मला तो लेप सहन होत नाही. त्यात दिसते ती चकाकी लेपाची, दगड तिच्याखाली तसाच राहतो. आणि दगडावर प्रेम असेल तर त्याला स्वतःच्या अंगानं उजेड परतवू द्यावा, एवढी तरी उसंत आपल्याकडे हवी.

जॅस्पर हट्टी असतो हे खरं. अकीक सगळा एकजीव, त्याला पाणी लवकर चढतं. जॅस्परमध्ये लोहाचे मऊ पट्टे आणि गारेचे टणक पट्टे शेजारी शेजारी. मऊ कागदावर फार वेळ घासलं तर मऊ पट्टा खाली बसतो, टणक वर राहतो, आणि संत्र्याच्या सालीगत अंग तयार होतं. त्यावर इलाज म्हणजे शेवटचे कागद सपाट काचेवर ताणून लावायचे आणि तिथे रेंगाळायचं नाही. वेळ जो द्यायचा तो आधीच्या जाड कागदांना. पुष्कळांचा दगड शेवटच्या पायरीवर अडतो असं वाटतं, पण खरं म्हणजे तो दुसऱ्या पायरीवरच अडलेला असतो. आणि छिद्रं इथेही आहेतच. जाड कागदाचा एखादा दाणा छिद्रात दडून बसतो आणि पार शेवटी, चामड्यावर घोटताना, बाहेर येऊन आरपार रेघ मारतो. म्हणून दरवेळी जुन्या टूथब्रशनं छिद्रं साफ करायची, वाहत्या पाण्याखाली.

मग सिरियम ऑक्साइड. काचेच्या कामात वापरतात ती ही पिवळट पूड, पाण्यात कालवून ताणलेल्या चामड्यावर फासायची. न्यूटननं ‘ऑप्टिक्स’मध्ये, १७०४ साली, पॉलिश म्हणजे दिसेनासे होईपर्यंत बारीक केलेले ओरखडेच, असं सांगून ठेवलं आहे, आणि ते बहुतांशी खरंच आहे. प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाच्या आसपास. त्याहून ओरखडा लहान झाला की उजेडाला तो लागत नाही, उजेड सरळ परततो. पण सिरियम नुसता खरवडत नाही. तो काचेतल्या आणि गारेतल्या सिलिकाशी रासायनिक झटापटही करतो, आणि जॅस्पर जवळजवळ सगळा सिलिकाच. चामडं ओलं असेपर्यंत काही घडत नाही. दगड घसरत राहतो. पाणी ओढलं जाऊन चामडं दमट-कोरडं होऊ लागलं की दगडाला अचानक धर लागतो, चामडं त्याला खेचू लागतं, बोटांना ऊब जाणवते. तेवढ्या थोड्या वेळात पाणी चढतं. फार तापू द्यायचा नाही, नाहीतर तडा जातो. दगड उचलावा, पुसावा, तिरपा धरावा: काळे नेचे कोरड्यातही जागेवर असतात, आणि पिवळी शीर दगडात वरून नव्हे, आत उतरत गेलेली दिसते.

हे सगळं यंत्राशिवाय, वॉटर पेपरशिवाय, आपल्याच भागात फार पूर्वी होत होतं. नागपूरच्या वायव्येला, काटोल रस्त्याच्या बाजूला माहूरझरी आहे. शिळावर्तुळांसाठी ती प्रसिद्ध. १९७० ते ७२ मध्ये शां. भा. देवांनी तिथे उत्खनन केलं. पण तिथे मण्यांचा मोठा उद्योगही होता. अकीक, कार्नेलियन, स्फटिक, जॅस्पर यांचे मणी घडवले जात. पुढे डेक्कन कॉलेजच्या मोहंतींनी तिथे पुन्हा काम केलं आणि या घडणीचाच माग काढला. तिथे पुरे मणी सापडतात तसे अपुरेही: नुसते ठोकून आकार दिलेले, घासलेले, भोक पाडताना मध्येच फुटलेले.

पाणी कसं चढवत असतील? गुजरातेतल्या खंबायतला ज्या रीतीनं चढवत, ती एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींत आहे. जाड कातड्याच्या पिशवीत मणी भरायचे, कुरुंदाची आणि अकिकाची पूड घालायची, पाणी घालायचं, तोंड आवळायचं. पिशवीला वादी गुंडाळून दोन माणसांनी दोन टोकांना बसायचं आणि आळीपाळीनं ओढत ती लोळवत राहायची. दहा-पंधरा दिवस. पिशवी कोरडी पडू द्यायची नाही. माहूरझरीला अशीच पिशवी होती की आणखी काही, हे मातीतून कळणं कठीण, कारण कातडं टिकत नाही. माझी इच्छा वेगळीच आहे. लखलखता मणी संग्रहालयात खूप पाहिला. मला हवा आहे घासून झालेला आणि पाणी न चढलेला, जॅस्परचा, लाल. तो खिडकीपाशी भिंगाखाली धरायचा आणि पाहायचं, त्याच्या अंगावरच्या रेघा एकाच दिशेच्या आहेत की उभ्यांवर आडव्या.